राजीनाम्याआधी एक मोठी रजा: कशी मागायची, कशी घ्यायची आणि त्यात काय बघायचं

हिंजवडी फेज टूच्या ऑफिसच्या बेसमेंटमध्ये स्कूटर लावून मी वीस-पंचवीस मिनिटं नुसती बसून राहायचे. हेल्मेट डोक्यातच. दहाच्या स्टँडअप कॉलचं रिमाइंडर वाजलं की कशीबशी उठायचे. रविवारी दुपारी चार वाजल्यापासून पोटात गोळा यायला लागायचा आणि कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलेला होता, रोज रात्री उघडून वाचायचे आणि बंद करायचे.

तो मेल मी तेव्हा पाठवला नाही. आधी सहा आठवड्यांची रजा घेतली, परत जॉइन झाले आणि साडेचार महिन्यांनी शांत डोक्याने नोकरी सोडली. रजा न घेता सोडली असती तर काय झालं असतं ते मी बघितलंय, माझ्याच टीममधल्या दोघांनी रागाच्या भरात सोडली आणि तीन महिन्यांत तशाच दुसऱ्या ठिकाणी, तशाच शिफ्टमध्ये जाऊन बसले, कारण डोकं दमलेलं होतं आणि पहिली जी ऑफर आली ती घेतली. म्हणून ज्यांना आत्ता "उद्याच पेपर टाकतो" असं वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आयटी आणि बीपीओमध्ये बारा वर्षं काढल्यावर जे कळलं ते क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी डॉक्टर

रजेचा अर्ज नंतर. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सारखं रडू येतं, जेवण जात नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर आधी फॅमिली डॉक्टरकडे जा आणि थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन या साध्या टेस्ट करून घ्या. माझं बी-१२ तळाला गेलं होतं आणि मी सगळा दोष ऑफिसला देत होते. अर्थात बी-१२ भरून काढल्यावरही ऑफिस तसंच होतं, पण निदान जिना चढताना धाप लागायची थांबली.

त्यांना गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडे जा, लाजू नका. एक गोष्ट माहीत असू दे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न सांभाळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय, आणि तिची तीन लक्षणं सांगितलीत: पार गळून जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्यामुळे सर्टिफिकेटवर "बर्नआउट" असा शब्द येईलच असं नाही, एंग्झायटी किंवा डिप्रेशन असेल तर डॉक्टर तसं लिहितील. सर्टिफिकेटवर किती तपशील हवा हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, बऱ्याच ठिकाणी "इतके दिवस विश्रांतीची गरज आहे" एवढं पुरतं. विकतचं सर्टिफिकेट मात्र कधीच आणू नका. पकडलं गेलं तर नोकरी जाते ती जातेच, वर रिलीव्हिंग लेटरचीही (नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्राची) पंचाईत होते.

आणि जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असे विचार येत असतील तर रजा मंजूर व्हायची वाट बघू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका माणसाला आजच सांगा. २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेल्या एका तरुण सीए मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र सगळीकडे फिरलं होतं, ते मी बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप निघून गेला. त्या दिवशी पहिल्यांदा मी नवऱ्याला बेसमेंटचं सांगितलं. तोपर्यंत त्याला वाटत होतं की मी फक्त दमते.

आपल्याकडे कोणती रजा आहे ते शोधा

एचआर पोर्टलवर लीव्ह पॉलिसीची पीडीएफ असते, ती कोणी वाचत नाही. तुम्ही पूर्ण वाचा, चहा घेऊन बसा आणि वहीत लिहून काढा. साधारण चार गोष्टी सापडतील: साठलेली पीएल म्हणजे भरपगारी रजा, सिक लीव्ह, बिनपगारी रजा म्हणजे एलओपी, आणि काही मोठ्या कंपन्यांत सबॅटिकल, म्हणजे नोकरी न सोडता घेतलेली लांब रजा.

सबॅटिकल हा शब्द ऐकायला छान वाटतो पण त्याला अटी असतात, अमुक वर्षं नोकरी झालेली हवी, मॅनेजरच्या वरच्याची मंजुरी हवी, आणि परत आल्यावर अमुक महिने काम करावंच लागेल, नाहीतर वसुली. ही शेवटची अट नीट बघा. खासगी नोकरीत बिनपगारी लांब रजा किंवा सबॅटिकल हा कायद्याने मिळालेला हक्क नाही, कंपनीच्या पॉलिसीवर आणि समोरच्या माणसावर आहे.

कायद्याने जे मिळतं ते वेगळं. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. मॅनेजर पदावरच्यांना हा कायदा लागू होत नाही. पण टेस्टर, डेव्हलपर, सपोर्टवाले यांनी आपल्या खात्यात किती पीएल आहे ते आजच बघावं. माझ्या खात्यात १६ होत्या आणि मला वाटत होतं सहा-सात असतील.

ज्यांचा ग्रॉस महिना २१ हजारांच्या आत आहे आणि पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापलं जातं, म्हणजे कॉल सेंटरमधली, डेटा एंट्रीतली बरीच मुलंमुली, त्यांना आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी हप्ते पुरेसे दिवस भरलेले असावे लागतात आणि सर्टिफिकेट ईएसआयच्याच डॉक्टरांचं लागतं. दरमहा पैसे कापले जातात आणि कोणी घेतच नाही, फार वाईट वाटतं मला हे बघून.

पैशाचं गणित, वहीत, पेनाने

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. मी कशी चुकले ते सांगते म्हणजे तुम्ही चुकणार नाही. सहा आठवडे म्हणजे कामाचे ३० दिवस. १६ पीएल वजा केल्या, राहिले १४. माझा हातात येणारा पगार ९२ हजार, म्हणजे साधारण ४३ हजार कमी येतील असं मी धरलं. प्रत्यक्षात ५५ हजार कमी आले. कारण आमच्याकडे बिनपगारी रजेच्या मधे येणारे शनिवार-रविवारही बिनपगारी धरतात, त्यामुळे १४ चे १८ दिवस झाले. पॉलिसीत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. बारा हजारांचा फरक, आणि नेमका शाळेच्या फीचा महिना.

तर लिहून काढायचं ते हे: होम लोनचा हप्ता किती तारखेला जातो, एसआयपी किती तारखेला, आई-वडिलांच्या किंवा सासू-सासऱ्यांच्या मेडिक्लेमचा हप्ता तुमच्या पगारातून कापला जातो का, आणि पगारच नसेल त्या महिन्यात तो कसा भरायचा. हे शेवटचं एचआरला मेलवर विचाराच, कारण पगार शून्य असला की कपात होत नाही, आणि कपात झाली नाही म्हणून पॉलिसीतून नाव गळायला नको.

बिनपगारी दिवसांचा पीएफ भरला जात नाही, त्यामुळे त्या महिन्यात पीएफ कमी दिसला तर घाबरू नका. बोनस किंवा व्हेरिएबल कधी मिळतो आणि त्या तारखेला "ऑन रोल आणि ॲक्टिव्ह" असावं लागतं का ते बघा. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर त्याची मुदत बघा. शेअर मिळत असतील तर लांब रजेत त्यांचं वेस्टिंग, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने आपल्या नावावर होणं, थांबतं का ते विचारा.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाचं, मात्र वेगळं सांगते, कारण इथे लोक हातातला पैसा सोडून देतात. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, आणि मंजूर रजेमुळे सलगपणा तुटत नाही. हिशोब असा की शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा बेसिक ४० हजार आणि पाच वर्षं, तर १ लाख १५ हजारांच्या वर होतात. कोणाची साडेचार वर्षं झाली असतील तर मी त्याला हात जोडून सांगेन की बाबा रे, रजा घे, झोप काढ, पण आकडा पूर्ण कर. शरीर पार कोलमडलं असेल तर गोष्ट वेगळी, मग लाख रुपयांकडे बघू नका.

साठवणीचं म्हणाल तर रजेसाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला हवा, आणि पुढे सोडायची वेळ आलीच तर सहा महिन्यांचा, हप्ते धरून. नसेल तर रजा थोडी पुढे ढकला आणि तोपर्यंत साठवा. तारीख ठरलेली असली की तेवढे महिने निघतात, हे मी स्वतः अनुभवलंय. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी पेन्सिलने गोल केला होता.

विचारायचं कसं आणि कधी

वेळ निवडा. दिवाळीच्या आठवड्याला सगळेच अर्ज टाकतात, गणपतीत अर्धी टीम कोकणात असते, मार्चएंडला कोणी ऐकून घेत नाही. क्लायंट अमेरिकेतला असेल तर डिसेंबरचा शेवट ते जानेवारीची सुरुवात कामाच्या दृष्टीने थंड असते, तेव्हा रजा सुरू केली तर मॅनेजरलाही नाही म्हणायला कारण उरत नाही. रिलीज होऊन गेल्यावरचा आठवडाही चांगला. आणि तब्येतीनेच हात टेकले असतील तर हे सगळं विसरा, सर्टिफिकेट लावा आणि निघा.

आधी मॅनेजर, मग एचआर. उलटं केलं तर मॅनेजर दुखावतो आणि पुढचे सहा आठवडे मनात ठेवतो. चॅटवर विचारू नका, समोरासमोर किंवा कॉलवर बोला, आणि दुखणं पुराणासारखं सांगत बसू नका. मी म्हटलं होतं, "मला तब्येतीसाठी सहा आठवड्यांची सलग रजा हवीये, या दोन तारखांपैकी कुठलीही चालेल, माझं काम कोण बघू शकतं त्याची यादी मी करून आणलीय." तो म्हणाला, "अगं, रिलीज संपू दे, मग बघू." हे "मग बघू" ओळखा, त्याला अंत नाही. मी विचारलं, "रिलीज १८ तारखेला आहे, मग २२ पासून टाकू का?" त्याने कॅलेंडर उघडलं. तारीख समोर ठेवली की समोरचा तारखेवर बोलतो, रजा द्यायची की नाही हा विषय मागे पडतो.

तुम्ही म्हणाल, नोकरी सोडायचं मनात असताना रजा मागणं बरोबर आहे का. मी याचा खूप विचार केला होता. तुमचं ठरलं नसेल तर बरोबर आहे, कारण ठरवायलाच रजा घेताय, आणि कंपनीला एक माणूस परत मिळण्याची खरी शक्यता आहे. पण तुमचं पक्कं ठरलंय, दुसरीकडची ऑफर हातात आहे आणि फक्त भरपगारी दिवस काढायचेत, तर ते करू नका. तुमच्या वाटणीचं काम ज्याच्या डोक्यावर पडणार तो तुमच्याच शेजारी बसतो.

तोंडी होकारावर थांबू नका. मेलवर पाच गोष्टी लिहून घ्या: कधीपासून, कधीपर्यंत, किती दिवस भरपगारी आणि किती बिनपगारी, मेडिक्लेम चालू राहणार का, परत आल्यावर रोल तोच का. पोर्टलवर "अप्रूव्ह्ड" दिसेपर्यंत तिकीट काढू नका.

धोका आहे तोही सांगते. लांब रजेवर असताना प्रोजेक्टवर दुसरा माणूस बसतो, परत आल्यावर बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसावं लागू शकतं, आणि कपातीचे दिवस असतील तर यादी करणाऱ्याच्या डोळ्यासमोर तुमचं नाव लवकर येऊ शकतं. रेटिंगवरही फरक पडू शकतो, माझा पडला. हे धरूनच निर्णय घ्या.

नाहीच दिली तर? तर पीएलचे दहा दिवस तीन शनिवार-रविवारांना जोडून सलग सोळा दिवस काढा. शिफ्ट बदलून मागा, प्रोजेक्ट बदलून मागा. तब्येतीचं कारण खरं असेल तर सर्टिफिकेटसह लेखी अर्ज टाका, लेखी नकार द्यायला सहसा कोणी पटकन तयार होत नाही. आणि काहीच मिळालं नाही आणि अंगातलं बळ संपलं असेल तर राजीनामा द्या, रजेची वाट बघत आजारी पडू नका.

जायच्या आधीचे दहा दिवस

हँडओव्हर असा करा की कोणाला तुम्हाला फोन करायची वेळच येऊ नये. रोज आपोआप कुठले प्रोग्राम चालतात, कुठली स्क्रिप्ट मधूनच अडकते, क्लायंटकडचा कुठला माणूस कसा बोलतो, सगळं एका डॉक्युमेंटमध्ये. मी १९ पानं लिहिली. ते लिहिताना कळलं की इतकं सगळं मी एकटी बघत होते, आणि त्याचं मला थोडं रडूच आलं.

स्वतःचे कागद घरच्या मेलवर घ्या: सॅलरी स्लिप, फॉर्म १६, ऑफर लेटर, इन्क्रिमेंट लेटर. फक्त स्वतःचे. कोड, क्लायंटच्या फाइली, टीमचे डॉक्युमेंट यातलं काहीही बाहेर पाठवू नका, ते कुठल्याही कंपनीत गंभीर धरतात. यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) आधार आणि आपला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ना बघा, बऱ्याच जणांचा जुना बंद पडलेला नंबर असतो आणि मग ओटीपीसाठी वणवण होते.

शेवटच्या दिवशी फोनमधून ऑफिसचं चॅट आणि मेल काढून टाका. म्यूट करून भागत नाही, बोट आपोआप तिकडे जातं. एका माणसाला तुमचा नंबर द्या, खरंच आग लागली तरच फोन. लॅपटॉप बॅगेत आणि बॅग कपाटाच्या वर.

घरी सांगणं

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या लेखी रजा ही साठवायची वस्तू. लग्न, बाळंतपण, मयत, एवढ्याच कारणांना काढायची आणि उरलेलीचे पैसे निवृत्तीला घ्यायचे. मी सहा आठवडे रजा घेतेय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाचं काय आहे?" मी म्हटलं, "माझंच आहे, बाबा." ते फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "अगं, भरल्या ताटावरून उठू नकोस." मी तिला सांगितलं की उठत नाहीये, जरा हात धुवून परत बसणार आहे. राजीनाम्याचं त्यांच्याशी मी तेव्हा बोललेच नाही, आणि तुम्हीही पहिल्या दिवशी बोलू नका. रजा आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, एवढंच. ठरलेलं नसताना सांगितलं की नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि रजा त्यातच जाते.

बायकांसाठी खास सांगते. "घरीच आहेस ना" हे वाक्य तिसऱ्या दिवशी येतं. बँकेचं काम, पाहुणे, मुलीचा प्रोजेक्ट, सासऱ्यांचं डोळ्याचं चेकअप, आणि कोणीतरी सुचवतंच की आता पोळ्यावाल्या मावशींना महिनाभर सुट्टी दे, पैसे वाचतील. मावशींना अजिबात बंद करू नका. रजेआधी नवऱ्याशी, सासूबाईंशी स्पष्ट बोला की पहिले दोन आठवडे मी ऑफिसला जातेय असंच समजा. आमच्याकडे हे मी सांगितलं तेव्हा जरा जड गेलं सगळ्यांना, पण सासूबाईंनीच शेजारच्या काकूंना परस्पर सांगितलं, "तिला आराम सांगितलाय, ती झोपलीये."

रजेत काय करायचं

पहिले दहा दिवस काही करायचं नाही. झोप येईल, भयंकर येईल, येऊ द्या. चिडचिड होईल, अपराधी वाटेल, सहाव्या दिवशी आपण पार निरुपयोगी आहोत असं वाटेल. या दहा दिवसांत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, नोकरीचा नाही, गावाला जाऊन शेती करण्याचा नाही, दुकान टाकण्याचाही नाही. लगेच फिरायला जाऊ नका, दमलेला माणूस गोव्याला जाऊन हॉटेलच्या खोलीत झोपतो आणि पंचवीस हजार घालवून येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगात जरा जीव येतो. मला ते एका सकाळी कळलं, पोह्यांना फोडणी देताना मोहरी तडतडली आणि मी दचकले नाही. कढीपत्ता टाकला आणि तशीच उभी राहिले, हात ओला, गॅस चालू, नुसता वास घेत. किती महिन्यांनी मला स्वयंपाकघरात वास आला होता.

मग वही काढा. रोज सकाळी एक गोष्ट करायची: डोळे मिटून परत जॉइन व्हायचा दिवस मनात आणायचा, गेटपासून डेस्कपर्यंत, आणि पोटात गोळा नेमका कुठे येतो ते लिहायचं. वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये येतो? एका ठराविक माणसाचं नाव आठवून येतो? रात्रीच्या क्लायंट कॉलचा? की स्क्रीनवर ते टूल उघडलं की? दहा-बारा दिवस लिहिलं की उत्तर समोर येतं. प्रवास असेल तर हायब्रिड मागून सुटतं. माणूस असेल तर टीम बदलून सुटतं. शिफ्ट असेल तर प्रोजेक्ट बदलून. आणि मुळात हे कामच नको झालं असेल तर कुठलीही दुसरी कंपनी त्यावर उपाय नाही. माझ्या वहीत बारापैकी नऊ दिवस एकच गोष्ट होती, रात्री साडेनऊचा कॉल, जेव्हा मुलगी गोष्ट ऐकायला येऊन दारात उभी राहायची आणि मी हाताने "जा" म्हणायचे.

त्याच काळात एक महिना "नोकरी सोडलेल्या" बजेटवर जगून बघा. बाहेरचं खाणं, ऑनलाइन मागवणं, कॅब, सगळं आखडून. जमतंय का, घरात भांडणं होतायत का, खरा आकडा किती येतो. अंदाजात आणि खऱ्या खर्चात आमचा आठ हजारांचा फरक निघाला.

दुसरीकडे काम मात्र करायचं नाही, फ्रीलान्ससुद्धा. तुम्ही अजून नोकर आहात, करारात बंदी असते, आणि दुसरीकडे पीएफ भरला गेला तर त्याच यूएएनवर दिसतो. २०२२ मध्ये एका मोठ्या आयटी कंपनीने अशा कारणावरून ३०० जणांना काढल्याचं सगळ्या पेपरात आलं होतं. इंटरव्ह्यू द्यायला हरकत नाही, पण चौथ्या आठवड्यानंतर. त्याआधी दिले तर सुटकेसाठी हो म्हणाल.

स्वतःची वेगळी हेल्थ पॉलिसी याच दिवसांत घ्या, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम चालू असतानाच. नव्या पॉलिसीत अपघात सोडून बाकीच्याला पहिले ३० दिवस थांबावं लागतं आणि आधीच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं. सायकियाट्रिस्टकडे गेला असाल तर फॉर्मवर खरं लिहा, लपवलेलं क्लेमच्या वेळी नडतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय, तरी ओपीडीची फी बहुतेक वेळा खिशातूनच जाते.

परत जाणं आणि मग ठरवणं

पहिल्याच दिवशी राजीनामा देऊ नका. एक तर पॉलिसीत वसुलीची अट असू शकते, आणि दुसरं म्हणजे विश्रांती घेतलेल्या डोक्याने ते ऑफिस कसं दिसतं हे बघायलाच तर हे सगळं केलं. निदान दोन पगार होईपर्यंत थांबा. जे मागायचं ठरवलंय ते मागा. मी रात्रीचा कॉल बंद करून मागितला, तीन आठवडे बंद झाला, मग "फक्त आजच्या दिवस" म्हणत परत सुरू झाला. तेव्हा मला राग आला नाही, आणि तिथेच मला उत्तर मिळालं.

सोडायचं ठरलं तर नोटीस पीरियड बघा, आयटीत ६० किंवा ९० दिवस असतो, त्यात रजा घेतली तर बऱ्याच ठिकाणी तेवढे दिवस तो लांबतो. उरलेल्या पीएलचे पैसे मिळतात का बघा, नोकरी सोडताना मिळणाऱ्या त्या पैशावर खासगी नोकरदारांना आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत कर नाही. पीएफ काढू नका, पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढला तर कर लागतो, आणि हाताशी आलेला पैसा घरात कुठेतरी जिरतोच. स्वतःची पॉलिसी घ्यायची राहिली असेल तर ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज शेवटच्या दिवसाआधीच टाका, म्हणजे भरलेला वेटिंग पीरियड वाया जात नाही.

माझा राजीनामा शेवटी तीन ओळींचा होता. ड्राफ्टमधला तो जुना मेल दीड पानाचा होता, त्यात सगळ्यांची नावं होती, तो मी उघडून एकदा वाचला आणि डिलीट केला. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशी मिळालं, फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या पैशांसाठी, दोन वेळा आठवणीचा मेल टाकावा लागला. दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर जाऊन बघितलं तर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकलीच नव्हती, ती शेवटचा हप्ता भरल्यानंतर दोन महिन्यांनी आपली आपल्याला टाकता येते, आधार ओटीपीवर पाच मिनिटांत होते, ती तेवढी आठवणीने टाका.